पडवीतल्या भेगेतले किडे

महाडच्या एका कॉलेजात मी प्राणिशास्त्र शिकवते. पंख नसलेले आदिम किडे हे माझं जुनं वेड. पोरं तोंडं वाकडी करतात, "मॅडम, वाघबिघ काही नाही का?" अरे, वाघ कुणीही बघेल! पुस्तकांच्या कपाटात सुळकन पळणारी चंदेरी कसर बघा, ओल्या कातळावरचे तीन शेपट्यांचे बघा, मातीतले दोन शेपट्यांचे पांढरे आंधळे बघा. आणि सगळ्यांत बारीक ते स्प्रिंगटेल, चिमूटभर राख सांडल्यासारखे. पोटाखाली दुमडलेली शेपटी झटकून उडी मारतात. मातीच्या कणांमधल्या पोकळीत राहतात आणि ती पाण्याने भरली की वर येतात. हे मी फळ्यावर कितीदा लिहिलं असेल. त्यातलं काही माझ्याच घरात निघेल असं वाटलं नव्हतं.

माझी आई पोलादपूरच्या वर, कुडपणच्या बाजूला एका वाडीत एकटी राहते. घराच्या पाठीशी डोंगर. भाऊ मुंबईला. पाऊस फार लागला की वाडीला खालच्या शाळेत हलवतात. माणसं तिथे झोपतात आणि उजाडलं की गुरांसाठी पुन्हा वर. दरड काय दिवसाउजेडी यायला लाजते? पण दूध काढायचं असतं, शेण ओढायचं असतं, कोण ऐकतंय!

त्या पावसाळ्यात मी आईला महाडला न्यायला गेले, तर ती शाळेत नव्हती. वर पोचले. पडवी ताजी सारवलेली, बोटांचे अर्धगोल अजून ओले. आई चहा ठेवायला आत गेली आणि मी पाटावर टेकले. समोर जमिनीवर करड्या राखेची एक रेघ होती. ती हलत होती. मी बोट जवळ नेलं तर राख उडाली. स्प्रिंगटेल! आधी मला हसूच आलं, म्हटलं बरे भेटलात.

मग लक्षात आलं, पडवी सगळी सारखीच ओली, शेण सगळीकडे सारखंच. मग हे एकाच रेघेत का? रेघ उंबऱ्यापासून निघून गोठ्याच्या भिंतीखाली शिरत होती.

"आये, इथं भेग होती का?"

"व्हती की," आई आतून म्हणाली. "बोट जायचं आत. शेणमातीनं लिंपली नि वरनं सारवलं. फुटकी जमीन लोकांना दाखवत बसू काय?"

तिची तरी काय चूक? आमच्याकडे भेग दिसली की ती बुजवायची, नाहीतर बाई आळशी. वाडीतल्या कुठल्याही घरात हेच झालं असतं. मी गोठ्यात धावले. रेघ तिथेही होती, आणि मागच्या बांधाशी, जिथे आईचा हात पोचला नव्हता, तिथे जमीन उघडी फाटली होती. म्हणजे भेगेत खाली पाणी भरलं होतं आणि डोंगर सुटायला लागला होता.

"आये, ऊठ. आत्ताच्या आत्ता!"

"भित्यापाठी ब्रह्मराक्षस! डोंगर काय आज उभा ऱ्हायलाय? किड्यांना भिऊन घर सोडतं काय गो कोण?"

मी वाद घातला नाही. म्हशीचं दावं सोडलं आणि तिला पाखाडीच्या दगडी पायऱ्यांवरून खाली हाकललं. म्हैस निघाली म्हटल्यावर आई शिव्या देत मागे आली. उतरताना एक दगड गडगडला तरी माझा जीव जात होता. मागे वळून बघायची हिंमत झाली नाही.

डोंगर आला नाही. त्या दिवशी नाही, त्या पावसाळ्यातही नाही. वाडीभर माझं हसं झालं. दसऱ्याला आई पुन्हा वर राहायला गेली तेव्हा मी हात जोडले. एवढंच म्हटलं, भेगेवर सारवू नकोस, किडे वर आले तर दिसू देत.

"मधीच पट्टा सोडू? लोक म्हणतील म्हातारीचे हात मोडले."

"म्हणू देत."

यंदा आषाढात मी वर्गात असताना तिचा फोन आला. एरवी ती कधी स्वतः फोन लावत नाही. मी खडू टाकून बाहेर धावले.

"आलेत गो ते तुझे. राखंसारखे. सोडलेल्या पट्ट्यात रेघभर."

"मग?"

"म्हशीला सोडलंय. पाखाडीवर हाय मी." पाऊस ऐकू येत होता. मग ती हळूच म्हणाली, "भ्या वाटतंय गो."

जन्मात आईच्या तोंडून हे ऐकलं नव्हतं. मी भिंतीला टेकून तिथेच रडले. पोरं दारातून बघत होती, बघू देत.

"घाबर आये," मी म्हटलं. "घाबर नि भरभर चाल. फोन ठेवू नकोस."

तिने ठेवला नाही. तिची धाप, पाऊस आणि म्हशीच्या गळ्यातली घंटा. शाळेतल्या बायकांचा गलका कानावर पडेपर्यंत मी तेवढंच ऐकत उभी होते.