तीन तक्रारी आणि एक रग्बी क्लब

किस्से काही कोणी जमवायला जात नाही. तुम्ही मीटिंगला जाता, चाव्या शोधता, फॉर्म भरता, आणि वर्षअखेरीस पाहावं तर कामाची फाईल पातळ आणि किश्श्यांची जाडजूड झालेली असते. आमच्या रग्बी लीग क्लबने जागा बदलली, त्या एका सीझनमध्ये माझं असंच झालं.

मुळात मी या क्लबात कसा, ते आधी सांगतो. आमची सई तिथल्या विमेन्स टीममध्ये खेळते. मी तिला सोडायला जायचो आणि गाडीतच बसून राहायचो. एकदा क्लबचा अध्यक्ष डग काचेवर टकटक करून म्हणाला, नुसता बसलायस तर आत ये. गप्पांमध्ये त्याला कळलं, की व्हिटबीकडच्या आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीसाठी शाळांचे हॉल नऊ वर्षं मीच बुक करतोय. परमिट, इन्शुरन्स, खुर्च्या किती, कचरा कोण उचलणार, सगळं मला तोंडपाठ. त्याने तिथल्या तिथे मला सेक्रेटरी करून टाकलं. तुला खेळ येतो का, हे त्याने आजतागायत विचारलेलं नाही.

खेळ मला माझ्यापुरता समजलाय. तेरा-तेरा जण, बॉल घेऊन समोरच्यांच्या अंगावर जायचं, त्यांनी धरून पाडायचं, तो टॅकल. त्यांच्या शेवटच्या रेषेपलीकडे बॉल टेकवला की गुण, सहा वेळा पाडलं की बॉल त्यांचा. मंडळात कोणी विचारलं तर मी सांगतो, कबड्डीच आहे, फक्त दम धरावा लागत नाही.

*

आमचं जुनं मैदान एका शेतामागे होतं. कपडे बदलायला एक शिपिंग कंटेनर, त्याला एक कुलूप, आणि कुलपाची किल्ली डगच्या गळ्यात. डग तरुणपणी यॉर्कशरहून समुद्र ओलांडून इकडे आला आणि त्याने हा क्लब काढला. मैदानाच्या रेषासुद्धा दर शनिवारी तो स्वतः मारायचा. मग शेतमालकाने जमीन टाउनहाउस बांधणाऱ्यांना विकली आणि आम्हाला जागा मिळाली ती कम्युनिटी सेंटरमध्ये. पुढे स्विमिंग पूल, मेडिटेशनची खोली, पिकलबॉलचा हॉल, आणि मागे एक टर्फचं, म्हणजे नकली गवताचं मैदान, जे सगळ्यांचं.

डग म्हणाला, "क्लब म्हणजे स्वतःचं कुलूप. दुसऱ्याच्या दारातून आत जायचं असेल, तर मी घरी बसतो."

आणि खरंच बसला. मला वाईट वाटलं, पण सत्तरी ओलांडलेल्या माणसाची समजूत काढण्याचा मला अनुभव नाही. माझ्या वडिलांचीही मला कधी काढता आली नव्हती.

*

सेंटरची को-ऑर्डिनेटर ब्रेंडा. फार गोड बाई. वाईट बातमी देताना ती दोनदा सॉरी म्हणते. पहिल्याच मीटिंगमध्ये तिने दोनदा सॉरी म्हणून सांगितलं, की आम्ही एक सीझन ट्रायलवर आहोत. तीन लेखी तक्रारी आल्या, की आमचा स्लॉट जाळीच्या काठ्यांनी बॉल फेकणाऱ्या लॅक्रोसवाल्यांना जाणार.

आसपास दुसरं मैदान शिल्लक नव्हतं. म्हणजे स्लॉट गेला की क्लब संपला. मी घरी येऊन हे सईला सांगितलं तर ती म्हणाली, "बाबा, जस्ट डोन्ट टेल द बॉइज. दे विल गेट नर्व्हस अँड ब्रेक समथिंग."

मी नाही सांगितलं.

*

पहिली मॅच. त्या टर्फवर पाच रंगांच्या रेषा आहेत. सॉकरच्या पांढऱ्या, हाताने खेळायच्या इकडच्या फुटबॉलच्या पिवळ्या, लॅक्रोसच्या निळ्या, आणि उरलेल्या दोन कोणाच्या हे ब्रेंडालाही माहीत नाही. आमच्या रेषा लाल होत्या.

आमचा टिम पेशाने प्लंबर आहे आणि अंगाने फ्रीज. त्याला बॉल मिळाला, तो चार जणांना झटकून पळत सुटला, पिवळ्या रेषेपलीकडे त्याने झेप घेतली, बॉल टेकवला आणि दोन्ही हात वर केले. आम्ही टाळ्या वाजवल्या. समोरच्या टीमनेही माना खाली घातल्या. रेफरीने शिट्टी तोंडापर्यंत नेली आणि मग खाली बघितलं. लाल रेषा अजून दहा मीटर पुढे होती.

बॉल दुसऱ्यांना गेला आणि मॅचही गेली. टिमला मी विचारलं, अरे, लाल सांगितलं होतं ना? तो म्हणाला, "लालच बघत होतो. पण पिवळी आधी आली."

*

रग्बीवाल्यांची एक जुनी पद्धत आहे. खेळ झाला की बूट काढायचे आणि दोन्ही हातांत धरून भिंतीवर आपटायचे, चिखल झडेपर्यंत. जुन्या जागी कंटेनरवर आपटायचे, त्याला पोचे पडले होते. नव्या जागी चिखल नव्हता, टर्फमधले रबराचे काळे दाणे होते. पण हाताची सवय जाते थोडीच? मागच्या दाराशी एक छान रुंद भिंत होती. सव्वीस बूट तिच्यावर आपटले गेले.

भिंतीच्या पलीकडे मेडिटेशनची खोली होती.

मला नंतर कळलं, की शिकवणारी बाई तेव्हा अत्यंत हळू आवाजात सांगत होती, आता तुम्ही पूर्ण सुरक्षित आहात. पहिली तक्रार तिचीच.

*

दुसरीला मात्र आमचं घर जबाबदार आहे. मॅचनंतर यजमान टीमने पाहुण्यांना जेवू घालायचं, हा रग्बीतला धर्म. पूर्वी डगची बायको मीट पाय, म्हणजे खिम्याचे मोठे पॅटिस, करून आणायची. डगच घरी बसल्यावर मीट पाय कुठून येणार? माझी बायको स्मिता म्हणाली, चाळीस जणांचे पोहे म्हणजे काही मोठं काम नाही.

गणपतीच्या नऊ वर्षांच्या अनुभवावरून मी तिला बजावलं होतं, की हॉलमध्ये फोडणी द्यायची नाही, सगळं घरून करून न्यायचं. ती म्हणाली, "आणि गारढोण पोहे कोण खाणार? एवढी माणसं मार खाऊन येतात, त्यांना गरम तरी देऊ या."

सेंटरच्या किचनमध्ये तिने मोठ्या पातेल्यात तेल तापवलं. मोहरी तडतडली, मिरच्या पडल्या, आणि साऱ्या इमारतीत भोंगा वाजायला लागला.

मे महिन्यातली गार संध्याकाळ होती. पूलमधल्या बायका टॉवेल गुंडाळून पार्किंग लॉटमध्ये आल्या. आमच्या पोरांनी अंगातल्या घामट जर्सी काढून त्यांना दिल्या, त्यांनी त्या नाक दाबून घातल्या. फायर ब्रिगेडवाले कुऱ्हाड घेऊन आत गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. आम्ही काळजीत. डोकावून पाहिलं, तर चौघे ओट्याला टेकून पोहे खात होते.

दुसरी तक्रार पूलवाल्यांची आली. पण त्या चौघांतल्या सगळ्यात आडव्या माणसाने जाताना विचारलं, प्रॅक्टिस कधी असते? तो आता आमचा प्रॉप आहे, म्हणजे पहिल्या फळीत धक्के घेणारा.

*

जूनमध्ये सई घरी आली तीच हसत. म्हणाली, "बाबा, डग इज इन द बिल्डिंग. ही प्लेज पिकलबॉल."

माझा विश्वास बसेना. पिकलबॉल म्हणजे लहान कोर्टवरचं लाकडी बॅटचं टेनिस, आमच्याकडे रिटायर्ड मंडळी खेळतात. डग तर त्याला खेळ म्हणायलाही तयार नव्हता. मी फोन केला. तो म्हणाला, डॉक्टरने गुडघ्यासाठी सांगितलंय, आणि मी पुढच्या दाराने जातो, तुमच्या मागच्या दाराशी माझा काही संबंध नाही.

आठवड्याने मला कॉरिडॉरमध्ये मार्गारेटने अडवलं. ती पिकलबॉल ग्रुपची प्रमुख, एके काळची शाळेची प्रिन्सिपल. अजूनही समोरचा माणूस आपोआप सरळ उभा राहतो. तिने विचारलं, "तुमचे अध्यक्ष माझे पार्टनर आहेत. हॉलच्या एका बाजूला खिडकी आहे, ठाऊक आहे?"

मी म्हटलं, आहे, मैदानाकडची.

"तिच्याकडे तोंड असलं की आम्ही प्रत्येक पॉइंट हरतो."

*

ऑगस्टअखेर ब्रेंडाने मला बोलावलं. ती तीनदा सॉरी म्हणाली. टेबलावर फॉर्म होता. तिसरा. पिकलबॉल ग्रुपच्या एका मेंबरने रग्बी क्लबविरुद्ध केलेला.

सई, टिम, तो फायरवाला, सगळे डोळ्यांपुढे आले.

ब्रेंडा म्हणाली, आधी वाच. मी वाचला. अक्षर ठसठशीत होतं. "टॅकल ढिले आहेत. बचावाची लाइन सरळ राहत नाही. सहा नंबरचा माणूस पळायचं सोडून चालतो. आठवड्यातून एक सराव पुरत नाही, हे आंधळ्यालाही कळेल. खिडकीतून बघवत नाही."

खाली छापील प्रश्न होता, सेंटरने यावर काय करावं असं तुम्हाला वाटतं? उत्तर: "त्यांना मंगळवारही द्या."

सही डगची. साक्षीदार, मार्गारेट.

ब्रेंडाने बराच वेळ नियमांची फाईल चाळली. शेवटी म्हणाली, तक्रारदाराने सुचवलेला उपाय केला की तक्रार मिटली असं धरतात, आणि मिटलेली तक्रार मोजत नाहीत. मंगळवारी मैदान रिकामंच असतं. तिने शिक्का मारला. या वेळी सॉरी म्हणाली नाही.

पहिल्या मंगळवारी आम्ही मैदानावर पोचलो, तर बाजूच्या लाल रेषेवर डग उभा. हातात पिकलबॉलची बॅट. टिमने टोपी काढली.

डगने घड्याळात बघितलं.

"चार मिनिटं उशीर," तो म्हणाला. मग माझ्याकडे वळून, "सेक्रेटरी, त्या सॉरीवाल्या बाईकडून मी तक्रारीचे आणखी फॉर्म आणून ठेवलेत."