वाळवंटातला पत्ता

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही, आणि जिला सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. तुम्हाला का सांगतेय? बहुधा तुम्ही केतकीला ओळखत नाही म्हणून. याहून चांगलं कारण माझ्याकडे नाही.

केतकी आणि मी कॉर्क या आयरिश शहरात भेटलो, एमएस्सी करताना. ती नागपूरची, मी पुण्याची. भाड्याचं घर इतकं ओलं, की प्रेसमध्ये – इथे कपाटाला प्रेस म्हणतात – ठेवलेल्या कुर्त्यांवर बुरशी धरायची. हिवाळ्यात दुपारीच दिवे लावायचे आणि हीटिंग वाचवायला एकाच रजईत बसून अभ्यास करायचा. अशाच एका संध्याकाळी केतकीला तो व्हिडिओ सापडला. दक्षिण स्पेनमध्ये वाळवंट आहे – युरोपात वाळवंट, आम्हाला गंधही नव्हता – आणि त्याच्या कडेला, समुद्रावर, एक सुट्टीचं गाव. उन्हाळ्यात तिथे पाय ठेवायला जागा नसते, पण हिवाळ्यात सगळं स्वस्त. म्हातारी डच नि जर्मन माणसं कॅम्परव्हॅन घेऊन येतात आणि उन्हात खुर्च्या टाकून बसतात. व्हॅनमध्येच पलंग, शेगडी, बेसिन. म्हणजे हॉटेल नको, बाहेरचं खाणं नको. केतकी म्हणाली, आपण कुकर न्यायचा. आठवडाभर वरणभात आणि ऊन.

त्यानंतर दर हिवाळ्यात आमचं हेच बोलणं, जाणं मात्र कधी झालं नाही. नोकऱ्या लागल्या, लग्नं झाली, दोघींनी राजधानीलगतच्या ल्यूकनमध्ये चालत जाण्याच्या अंतरावर घरं घेतली. तिला सई झाली, मला दोन मुलगे. पुढच्या वर्षी नक्की जाऊ – नवरे नाही, पोरं नाही, फक्त आपण दोघी. तिथे रस्त्याच्या उजव्या बाजूने व्हॅन कोण चालवणार यावर आम्ही खरंच भांडलो होतो. हसता हसता, पण भांडलो होतो.

आता निरंजनबद्दल. केतकीचा नवरा.

तुम्ही त्याला भेटला असतात तर तुम्हाला तो आवडला असता. सगळ्यांना आवडायचा. माझ्या घरी जेवायला आला की न सांगता भांडी घासायचा. आणि केतकी मला सांगायची ते वेगळंच. तो हात उगारत नसे. आठवडेच्या आठवडे बोलत नसे. जेवताना सईला म्हणायचा, मम्माला सांग भाजीत मीठ कमी आहे – आणि मम्मा समोर बसलेली. तिचा फोन तिच्यादेखत वाचायचा. बस चुकून ती उशिरा आली, की आतून साखळी लावलेली असायची. ती बाहेर पावसात. बऱ्याच वेळाने दार उघडून म्हणायचा, अगं, ऐकूच नाही आलं.

मी ऐकायची. विश्वास ठेवायची का? अर्धा. भांडी घासणारा तो हात माझ्या डोळ्यांसमोर यायचा. संसार म्हटला की एवढं तेवढं असतंच, असं मी एकदा म्हटल्याचंही आठवतं.

मग तो फेब्रुवारी. सईच्या शाळेला मिडटर्मची आठवड्याची सुट्टी लागणार होती. शुक्रवारी दुपारी मला ऑफिसात केतकीचा फोन आला, अनोळखी नंबरवरून. तिने नवं सिम घेतलं होतं. मी फोन घेऊन खाली उतरले, ग्रँड कॅनाल डॉकच्या पाण्याशी उभी राहिले.

"अनघा, मी उद्या सकाळी सईला घेऊन निघतेय," ती म्हणाली. "आपल्या वाळवंटात. व्हॅन ठरवली आहे. फक्त तुला सांगतेय. काही झालं तर कुणाला तरी माहीत असावं."

तिने कॅम्पसाइटचं नाव सांगितलं, व्हॅनची टेकडीकडची शेवटची रांग म्हणाली. आठवडाभर उन्हात बसून डोकं शांत करणार, वकिलाशी फोनवर बोलणार. ल्यूकनला परत यायचंच नाही, थेट कॉर्क. तिथल्या एका फार्मा कंपनीत तिला नोकरी मिळाली होती. कुठे राहायचं तेही ठरलं होतं. हे सगळं तिने महिनोन्‌महिने एकटीने जमवलं होतं, फोन वाचणाऱ्या माणसाच्या नाकाखाली.

मी म्हटलं, जा, नीट जा, काळजी घे.

आणि फोन ठेवल्यावर माझ्या मनात काय राहिलं, सांगू? 'आपल्या'. आपल्या वाळवंटात – आणि मला साधं विचारलंही नाही? एवढी वर्षं आम्ही ते घोकलं, आणि ही एकटीच निघाली. बाई लेकराला घेऊन जीव वाचवायला पळत होती, आणि मी पाण्याशी उभी राहून रुसत होते. मला दगा झाल्यासारखं वाटलं. शब्द मोठा आहे, मला कळतं. पण वाटलं तेच होतं.

रविवारी दुपारी निरंजन आला. नवरा मुलांना घेऊन मॅचला गेलेला, घरी मी एकटी. निरंजनची दाढी वाढलेली, डोळे सुजलेले. केतकीने त्याच्यासाठी फक्त एक ओळ ठेवली होती – आम्ही सुखरूप आहोत, शोधू नकोस. तो माझ्या किचनमध्ये बसला आणि रडला. मी आल्याचा चहा केला. सई ठीक आहे एवढंच मला बघायचंय, तो म्हणत राहिला. मी म्हटलं, मला काही माहीत नाही. दोनदा म्हटलं.

आजवर स्वतःशी ही गोष्ट मी इथपर्यंतच सांगत आले. बाप रडत होता, मला दया आली. सांगायला सोपी आहे. ऐकणाऱ्यालाही पटते.

पण तसं झालं नाही. त्याने चहा संपवला, कप बेसिनमध्ये नेऊन धुतला, आणि पाठमोराच म्हणाला, "तुम्ही दोघी मिळून कुठेतरी जाणार होतात ना? तिने तुलाही सोडलं, अनघा."

तो खडा टाकून बघत होता. आज मला ते स्वच्छ दिसतं. तेव्हाही दिसलं असणार. पण ते वाक्य जिथे लागायचं तिथेच लागलं. आणि मी सांगितलं. गावाचं नाव, कॅम्पसाइटचं नाव, टेकडीकडची शेवटची रांग. रांगसुद्धा. ती त्याने विचारलीही नव्हती.

तो दाराशी गेला तेव्हा मी म्हटलं, "माझं नाव घेऊ नकोस."

आपण बरं करतोय असं ज्याला वाटतं, तो असं म्हणतो का? म्हणजे मला माहीत होतं. निरंजनने मान हलवली. रडणं कधी थांबलं होतं, माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

तो तिथे पोचायला मंगळवार उजाडला. मधला सगळा सोमवार माझ्या हातात होता. नवा नंबर माझ्याकडे होता. एक मेसेज – तो येतोय, निघ. मी ऑफिसला गेले, मीटिंगा केल्या, संध्याकाळी मुलांना पास्ता करून दिला. नंबर उघडून बघितला का? बघितला. आणि बंद केला. पाठवला असता तर त्याला कुणी सांगितलं तेही सांगावं लागलं असतं.

पुढचं मला केतकीनेच सांगितलं, कितीतरी दिवसांनी, रडत नव्हती, नुसती सांगत होती. सकाळची वेळ. शेजारच्या व्हॅनमधल्या डच आजींनी सईला संत्री दिली होती. सई व्हॅनच्या पायरीवर बसून ती सोलत होती. ऊन मऊ, समोर राखाडी उघड्या टेकड्या, झाड नाही. केतकी म्हणाली, वर्षानुवर्षांत मी पहिल्यांदा रात्रभर झोपले होते. आणि टॅक्सी आली. सई "डॅडी!" म्हणून धावत सुटली. निरंजनने तिला उचललं, आणि तिच्या खांद्यावरून केतकीकडे बघून हसला. पोरीला त्याच्या हातातून कसं ओढणार? सगळ्या लोकांदेखत?

तिने विचारलं, तुला कसं कळलं? तो म्हणाला, "तुझ्याच माणसांनी सांगितलं."

उरलेला आठवडा तिघं त्या व्हॅनमध्ये राहिली. निरंजनने फोटो टाकले – निळा स्विमिंग पूल, खुर्चीत केतकी, डोळ्यांवर गॉगल. आयरिश हिवाळ्यातून स्वस्तात सुटका, असं काहीसं लिहिलं होतं. ल्यूकनमधल्या सगळ्यांनी लाइक केलं. मीही बदाम टाकला. मी टाकला नसता तर कुणाच्या लक्षात आलं असतं, अशी भीती वाटली.

ती ल्यूकनला परतली. कॉर्कची नोकरी सोडून दिली. निरंजनने आता गाडीची किल्ली स्वतःकडे ठेवली. सई आपल्या भुवया उपटायला लागली, एकेक केस, टीव्ही बघता बघता. शाळेने बोलावून विचारलं तेव्हा घरी सगळं ग्रँड आहे – इथे ठीक असण्याला ग्रँड म्हणतात – असं केतकीने सांगितलं. हे असं तीन वर्षं चाललं. गणपतीत तो मला वाढायला यायचा आणि माझ्या पानात एक मोदक जास्त ठेवायचा. काही बोलायचा नाही. फक्त ठेवायचा. आणि मी तो खायची.

पण अजून एक माणूस आहे. सागर, केतकीचा धाकटा भाऊ, नागपूरला असतो. वाळवंटात पोचल्यावर तिने त्याला फोन केला होता, बाबांना काळजी नको म्हणून, आणि गावाचं नाव सांगितलं होतं. हाच सागर तिला पूर्वी म्हणायचा, ताई, जरा जुळवून घे, भाऊजी वाईट नाहीत. 'तुझ्याच माणसांनी' – तिने दुसरा कुणाचा अर्थ काढावा? टेकडीकडची रांग सागरला माहीतच नव्हती, हे तिच्या कधी डोक्यात आलं नाही. माझ्या आलं होतं.

तिने सागरशी बोलणं तोडलं. त्याने मला फोन केला. आम्ही एकदाच भेटलो होतो, तिच्या लग्नात. आवाज अगदी पडलेला.

"अनघाताई, मी नाही सांगितलं जी," तो म्हणाला. "तुमचं ऐकते ती. तुम्ही सांगून पाहा न तिला."

मी म्हटलं, हो, बोलते मी तिच्याशी.

नाही बोलले. उलट एकदा केतकीने मला विचारलं, तुला काय वाटतं, सागरच असेल ना? आणि मी – मी म्हटलं, कदाचित त्याला वाटलं असेल तो तुझं भलंच करतोय. किती समजूतदार वाक्य. तिने माझा हात धरला. म्हणाली, सख्खा भाऊ असून विकलं मला त्याने.

त्यांचे बाबा गेले तेव्हा ती नागपूरला जाऊन आली. मावशीकडे उतरली. भाऊ-बहीण तेराव्याला एकाच मांडवात, आणि शब्द नाही. बाबांनी शेवटी विचारलं होतं म्हणे, तुमचं काय बिनसलंय रे दोघांचं? ते उत्तर न मिळताच गेले. उत्तर माझ्याकडे होतं.

केतकी अखेर सुटली. सई जरा मोठी झाली, आणि तीच एक दिवस तिच्या आयरिश इंग्रजीत आईला म्हणाली, मम, आपण जाऊया. आता दोघी कॉर्कला आहेत. सामान हलवायला मी गेले होते, खोकी उचलली, पडदे लावून दिले. सईच्या भुवया आल्या आहेत, डावी थोडी विरळ. केतकी लोकांना माझी ओळख करून देते तेव्हा म्हणते, ही माझी बहीणच.

गेल्या महिन्यात सागरला मुलगी झाली. त्याने मला फोटो पाठवला. लिहिलं होतं – ताईला दाखवाल का? डिट्टो तिचीच जिवणी आहे. मी तेव्हा कॉर्कलाच होते, केतकीच्या किचनमध्ये, ती पोळ्या लाटत होती. तिने विचारलं, कुणाचा मेसेज गं?

मी म्हटलं, ऑफिसचा.