साउथ डकोटात कुणी रान देता का, रान?

“जूनच्या शेवटच्या आठवड्यात सुट्टी टाक. साउथ डकोटाला जायचंय, प्रेअरी डॉग मारायला.” काकांचा असा फोन आला तेव्हा मी ऑफिसात डबा खात होते. डबा बाजूला ठेवून आधी प्रेअरी डॉग म्हणजे काय ते शोधलं.

नाव कुत्र्याचं असलं तरी प्रेअरी डॉग जातीने खारीची थोरली बहीण. गुटगुटीत, भुऱ्या रंगाची, गवताळ मैदानात बिळांची गावंच्या गावं वसवणारी. हे प्राणी गुरांचं गवत फस्त करतात आणि बिळात पाय जाऊन गुरं लंगडी होतात, अशी रँचवाल्यांची तक्रार. म्हणून तिकडे त्यांची शिकार चालते.

माझे काका रिटायर्ड इंजिनियर. टेक्सासमधल्या अर्विंगमध्ये आमची घरं जवळजवळच आहेत. रायफल क्लबात कागदावर नेम धरण्यात त्यांचे रविवार गेले आणि ही ट्रिप ‘पुढच्या वर्षी नक्की’ म्हणत राहूनच गेली. यंदा डॉक्टरांनी त्यांच्या उजव्या हाताच्या कापऱ्याला नाव दिलं, पार्किन्सन्स. एकदा खऱ्या रानात नेम लागला पाहिजे आणि मग रायफल विकून टाकायची, असं त्यांनी ठरवलं होतं. मला बंदुकीची आवड शून्य, पण एवढा लांबचा ड्राइव्ह करायला कुणीतरी हवं होतं. काकू म्हणाल्या, “मीही येणार. तुम्ही दोघं उपाशी मराल.”

अर्विंगहून आय-३५ हायवे धरून उत्तरेला निघालो. ओक्लाहोमा संपला, कॅन्सस काही संपेना. पहिला मुक्काम सलाइनाला, हायवेलगतच्या स्वस्त मोटेलमध्ये. दुसऱ्या दिवशी नेब्रास्कातल्या गवताळ टेकड्या लागल्या आणि कंटाळा पळाला. रस्ता इतका मोकळा की समोरून येणारा प्रत्येक ड्रायव्हर स्टिअरिंगवरचं एक बोट उचलून आपल्याला रामराम करतो. काकूंनी प्रत्येकाला अख्खा हात हलवून उत्तर दिलं. दोन सूचना लिहून ठेवा: टाकी अर्धी झाली की गॅस भरा, पुढचा पंप कधी येईल सांगता येत नाही. आणि शाकाहारी असाल तर ग्रिल्ड चीज सँडविचला पर्याय नाही. आम्ही काकूंच्या दशम्या आणि लसणाच्या चटणीवर तरलो.

साउथ डकोटात परराज्यातल्या माणसाला शिकारीचं लायसन्स लागतं. ते गावातल्या हार्डवेअरच्या दुकानात खिळे-हातोड्यांशेजारी मिळतं, आणि जमिनीचा नकाशाही तिथेच. तो मात्र घ्याच. सरकारी जमीन हिरवी, खासगी पांढरी, आणि दोन्हींची अशी सरमिसळ की जणू दोन रंगांच्या तुकड्यांची गोधडी. प्रत्यक्षात सगळं गवत एकाच रंगाचं. नकाशा न बघता कुंपण ओलांडलंत तर तुम्ही शिकारी नाही, घुसखोर.

सरकारी रान फुकट, म्हणून आधी तिकडे गेलो. पहिल्या ठिकाणी पाटी: इथे प्रेअरी डॉग मारायला बंदी. त्यांच्यावर जगणारा मुंगसासारखा एक दुर्मिळ प्राणी तिथे जपतात. दुसऱ्या ठिकाणी परवानगी होती, पण आमच्याआधी अनेक बंदुका येऊन गेल्या असाव्यात. गाडीचं दार वाजलं की अख्खं गाव बिळात गुडूप! आम्ही तासन्‌तास उन्हात बसलो. एक डोकं वर यायचं, चिर्र करून आम्हाला शिवी घालायचं आणि खाली जायचं.

“हे तर पुणेकर निघाले, यार,” काका म्हणाले. “दुपारी डिस्टर्ब केलेलं चालत नाही.” हसले, पण हात खिशात घालून.

तिथल्या तिसऱ्या दिवशी खासगी जमीन शोधायची ठरली. पैसे घेऊन जमीन दाखवणारे लोक असतात, पण त्यांची तारीख महिनोन्‌महिने आधी घ्यावी लागते. दुसरा मार्ग म्हणजे दार ठोठावून विचारणं. पहिल्या रँचवर ‘जमीन आधीच दुसऱ्यांना दिलीय’ असं उत्तर मिळालं. दुसऱ्या रँचवर फक्त कुत्रे घरी होते, आणि त्यांचं मत स्पष्ट होतं.

तिसऱ्या घराच्या पायरीवर काकूंनी सवयीने चपला काढल्या, म्हणून आम्हीही बूट काढले. दार उघडलं ते साठीच्या पुढच्या एका उंच बाईंनी. डॉना त्यांचं नाव. आधी त्यांनी आमचे मोजे पाहिले, मग काकूंच्या हातातला शंकरपाळ्यांचा डबा. “माझी मुलं इतकी वर्षं चिखलाचे बूट घेऊन आत येतात,” त्या म्हणाल्या, “तुम्ही दारातच काढलेत!” पाच मिनिटांत आम्ही त्यांच्या स्वयंपाकघरात कॉफी पीत होतो आणि परवानगी मिळाली होती. पैसे घ्यायला त्यांनी साफ नकार दिला. पश्चिमेच्या कुरणात जा, गुरांपासून लांब राहा, आणि फाटक जसं दिसेल तसंच ठेवा, एवढंच बजावलं. त्या वेळी काकू डब्यातल्या शंकरपाळ्या बशीत काढत होत्या.

कुरणात प्रेअरी डॉग चिक्कार आणि बिनधास्त. काकांनी घडीचं टेबल मांडलं, रायफल टेकवली. मी दुर्बीण घेऊन शेजारी. पहिली गोळी गेली, धूळ उडाली. दुसरी, तिसरी, नुसती धूळ. नळी थरथरताना मला दिसत होती आणि आपल्याला दिसतंय हे त्यांना कळू नये म्हणून मी दुर्बीण डोळ्यांवरून काढेना. शेवटी ते खुर्चीत मागे टेकले. “राहू दे, ठमे. उशीर केला मी.”

मला रडूच यायचं, पण तेवढ्यात धूळ उडवत डॉनांचा पिकअप आला.

“फाटक कुणी लावलं?”

उघडं दार दिसलं की ते लोटून घ्यायचं, हे आपल्या रक्तातच असतं. आम्ही टेबल मांडत असताना काकू पाय मोकळे करायला गेल्या होत्या. सताड उघडं फाटक दिसलं, त्यांनी साखळी घालून नीट बंद केलं. आणि पाण्याची टाकी फाटकापलीकडे! सगळी गुरं अलीकडे खोळंबून हंबरत होती.

“मी लावलं,” काकू पुढे झाल्या. “मला वाटलं तुम्ही विसरलात. चुकलं माझं. चला, मीच सोडते.” डॉना काही बोलायच्या आत त्या पिकअपमध्ये जाऊन बसल्याही.

काकूंचं माहेर अमरावतीकडचं, दारात गुरं असलेलं. फाटक उघडून, पदर खोचावा तशी ओढणी खोचून त्या “हैक! हैक!” करत गुरांमागे धावल्या. साउथ डकोटाची गुरं वऱ्हाडी हाकेला मुकाट पाण्याकडे निघाली. डॉनांचा राग किती वेळ टिकणार? त्या पिकअपला टेकून डोळे पुसत हसत होत्या.

परत आल्यावर त्यांनी काकांना विचारलं, “मिळाला एखादा?”

काकांनी नुसता उजवा हात पुढे धरला. तो कापत होता.

डॉनांनी क्षणभर पाहिलं, पिकअपमधून पेंडीचं अर्धं पोतं आणून टेबलावर टाकलं आणि त्यात मूठ मारून खळगा केला. “बंदुकीला यात झोपू द्या. तुम्ही फक्त बोट वापरा.”

रायफल पोत्यात रुतली. काका वाकले. एक गोळी वाऱ्याने उजवीकडे गेली. “थोडं डावीकडे घेतो,” ते स्वतःशीच म्हणाले. पुढची लागली. लांबच्या मातीच्या ढिगाऱ्यावर उभा असलेला प्राणी आडवा झाला. मला आनंद झाला, त्या जिवाचं वाईटही वाटलं. काकू पुटपुटल्या, “बिचारा.” मग काकांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, “अहो, झालं ना मनासारखं?”

“झालं,” काका म्हणाले, आणि त्यांनी चष्मा काढून बराच वेळ पुसला. आणखी गोळ्या झाडायला नको म्हणाले.

निघताना डॉना काकूंना म्हणाल्या, “पुढच्या जूनमध्ये तुम्ही या. यांना आणायचं असेल तर आणा.”

परतीचा कॅन्सस तेवढाच लांब होता, पण गाडीत गप्पा जास्त होत्या. अशी ट्रिप करणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच की नकाशा, लायसन्स, पाणी सगळं न्या, पण चांगलं रान माणसांकडूनच मिळतं. ते मिळवायला वेळ ठेवा. शिकार मला आवडली का? अजून ठरत नाही. काकांचा वाऱ्याशी चाललेला तो हिशोब मात्र फार आवडला.

अर्विंगला सामान उतरवताना मी विचारलं, “रायफलची ॲड कधी टाकायची?”

“कॅन्सल,” काका म्हणाले. “रविवारी क्लबाच्या रेंजवर ये. मी शिकवतो.”

“मी? मला काय येतंय त्यातलं?”

“मला अजून दिसतंय, वारा कळतोय. फक्त हात हवेत. ते तुझे.”

आतून काकूंचा आवाज आला, “आणि मी काय करू?”

“तू?” काका म्हणाले. “तुझ्याशिवाय आम्हाला रान कोण देणार?”