चोरओटी

आमच्या नंदनवन वस्तीतल्या घरी पाळी आली की बाईने तीन दिवस स्वयंपाकघरात पाय ठेवायचा नाही. त्यामुळे सुनेचा महिना कधी चुकला, हे सासूला विचारावं लागत नाही. माझा तर सारखाच चुकायचा. सातवीपासून मला फिट येतात. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, या आजाराने अंगातले हार्मोन बिघडतात आणि फिटच्या गोळीनेही पाळी लांबते. हे नवऱ्याला ठाऊक होतं. सासूबाईंपासून मात्र आजार लपवूनच लग्न झालेलं. गोळ्या मी कॅल्शियमच्या डबीत ठेवायची.

एकदा सलग तीन महिने मी बाजूला बसले नाही. घरी दोनदा तपासून पाहिलं, दिवस गेलेले नव्हते. पण एका दुपारी सासूबाईंनी दार लोटून घेतलं, पाट मांडला आणि तिसऱ्या महिन्यात गुपचूप भरतात ती चोरओटी काढली. हिरवा खण, नारळ, गहू.

"कोणाले सांगू नको वं, नजर लागते," त्या म्हणाल्या.

तेव्हाच बोलायला हवं होतं. पण महिने का चुकले हे सांगायचं तर डबीतलं खरं सांगावं लागलं असतं. भित्री मेली मी, पदर पसरला.

बाराव्या दिवशी पाळी आली, आणि भरपूर आली. सासूबाईंना वाटलं, पोटातलं पडलं. त्या देवासमोर बसून रडल्या. मग मला पलंगावरून उठू देईनात, स्वतःच्या हाताने शिरा भरवला. इतकी माया मला त्या घरात कधी मिळाली नव्हती. मला माझीच किळस आली.

पुढे मूल व्हावं म्हणून डॉक्टरीणबाईंनी गोळी बदलली. तेवढ्यापुरती मी माहेरी, कामठीला राहिले. दोन महिन्यांत तीन फिट आल्या, एकदा न्हाणीत पडून कपाळ फुटलं. जुनी गोळी परत सुरू झाली. "या गोळीवर मूल होऊ देऊ नका, बाळात व्यंग येऊ शकतं," बाई म्हणाल्या.

याला सहा वर्षं झाली. मी बाजूला बसले की सासूबाई ताट आणून देतात.

"काहून तोंड पाडून बसली? एक डाव राह्यलं होतं ना, अजून राहीन."

मग पाण्याचा पेला पुढे करतात. "कॅल्शियमची गोळी घेऊन घे. लेकराले लागते ते."

मी घेते.