खोडलेला पत्ता

नौपाड्यातल्या माझ्या टायपिंगच्या दुकानात लोक फॉर्म भरायला कमी आणि रडगाणी घेऊनच जास्त येतात. घटस्फोट, वाटण्या, पोलिसांतल्या तक्रारी. मी स्क्रीन भिंतीकडे वळवते, मजकूर हळू आवाजात सांगायला लावते, चुकलेली प्रिंट तिथल्या तिथे फाडते. आपल्या तोंडून कोणाचं काही बाहेर जात नाही, याचा मला भारी तोरा होता.

शेजारच्या कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याने एक बिनवायरचा कीबोर्ड माझ्या गळ्यात मारला. "काकू, अजून किती दिवस त्या वायरींच्या गुंत्यात बसणार?" मलाही मेली हौस! घेतला.

मग ती आली, कळव्याची. नवरा मारायचा, म्हणून डोंबिवलीला शाळेतल्या मैत्रिणीकडे लपून राहिलेली. तक्रार सांगता सांगता तिने मैत्रिणीचा पत्ता सांगितला, मी टाइप केला आणि ती एकदम दचकली. "नको हो काकू, हा पत्ता नको! त्याच्या हाती लागला तर?" मी एकेक अक्षर खोडलं आणि कळव्याचाच पत्ता घातला. कागदावर डोंबिवलीचं नावसुद्धा नव्हतं.

चौथ्या दिवशी नवरा थेट मैत्रिणीच्या दारात. सगळ्या बिल्डिंगसमोर तिला ओढत घेऊन गेला. मैत्रिणीने फोनवर मला फैलावर घेतलं. "तुमच्याशिवाय पत्ता कोणाला ठाऊक होता?" मीही ओरडले, "मेले तरी सांगणार नाही मी!" आणि फोन आपटला. मग मनात आलं, खरंच, कोणाला ठाऊक होता?

माझी भाची कॉम्प्युटरमधली. तिने कीबोर्ड उलटापालटा करून पाहिला आणि कपाळाला हात लावला. "मावशी, असल्या स्वस्तातल्या कीबोर्डवर दाबलेलं प्रत्येक बटण हवेतून उघडंच जातं गं. भिंतीपलीकडे छोटंसं यंत्र लावून बसलं की सगळं वाचता येतं. तू खोडलंस ते स्क्रीनवरून. त्याआधी ते गेलेलंच असतं."

मी तावातावाने शेजारी गेले. तो हसला. "पुरावा आहे का काकू?" पुरावा कसला डोंबलाचा! इतकी वर्षं जीभ आवरली आणि माझ्याच बोटांनी एका पोरीचा घात केला. त्या दिवसापासून मला आरशात बघवत नाही.

सोमवारी ती आली. नवरा आधी शेजारी गेला, दुरुस्तीवाल्याच्या खांद्यावर हात टाकून चहा प्यायला आणि मग माझ्या दुकानात येऊन तिच्या खुर्चीमागे उभा राहिला. तक्रार मागे घ्यायची होती. अगं, मी नाही सांगितलं, असं जिवाच्या आकांताने ओरडावंसं वाटत होतं. पण तिने एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही. खालमानेने मजकूर सांगत राहिली.

"कोणाच्याही दबावाशिवाय, असं टाका," ती म्हणाली.

मी टाकलं.