यासीनची नक्कल

इराणवर बॉम्ब पडले त्या आठवड्यात गुरुनाथ केळशीकर फार खुशीत होते. अमेरिकेतल्या वेस्ट विंडसरमधल्या मराठी घरांतून त्यांना सारखे फोन येत होते. काका, होर्मुझची सामुद्रधुनी बंद करतील का? काका, गाडीचा गॅस किती महागेल? गेली दोन-तीन वर्षं त्यांना कुणी काही विचारत नव्हतं. सत्त्याहत्तराव्या वर्षी नजरेच्या मधोमध काळा डाग आला होता. ड्रायव्हिंग बंद, वाचन बंद. आता बॉम्बच्या कृपेने त्यांना पुन्हा भाव आला होता.

मराठी मंडळाच्या शैलेंद्रने लायब्ररीच्या हॉलमध्ये त्यांचं भाषणच ठेवलं. विषय होता 'तेल, युद्ध आणि एक हुकूमशहा'. १९८२ ते १९८८ केळशीकर इराकच्या उत्तरेला, तुर्कस्तानकडे जाणाऱ्या तेलाच्या पाइपलाइनवरच्या एका पंपिंग स्टेशनवर इंजिनियर होते. नंतर अमेरिका. सेहेचाळीस माणसं आली. समोसे होते.

"लोक सद्दामला वेडा म्हणतात," केळशीकर म्हणाले, "वेडा नव्हता तो. खमक्या होता. सीरियाने इराणची बाजू घेऊन ह्याची पाइपलाइन बंद केली. दुसरा कुणी हात जोडून बसला असता. ह्याने तुर्कस्तानची लाइन वाढवली, सौदीतून नवीन टाकली. इराणच्या भीतीने शेखांनी ह्याला अब्जावधी दिले. ते परत मागितले, तेल जास्त काढून भाव पाडले, तर हा सरळ कुवेतमध्ये घुसला. एका माणसाने वीस वर्षं सगळ्या जगाच्या गॅसचा भाव हलवला. आणि गावात काय डिसिप्लिन. चोरी नाही, संप नाही."

माहिती सगळी बरोबर होती. आठ वर्षांच्या त्या युद्धात दोन्हीकडची पोरं लाखांनी मेली, तेवढं मात्र 'खमक्या' या एका शब्दात उरकलं.

"काकू, तुम्हाला भीती नाही वाटायची?" एका मुलीने दुसऱ्या रांगेत बसलेल्या सुनेत्राबाईंना विचारलं.

उत्तर केळशीकरांनीच दिलं. "हिला कसली भीती? हिला तिथे बंगला होता, बाग होती. कोथिंबीर लावायची ही."

लोक हसले. सुनेत्राबाईंनी पर्स या मांडीवरून त्या मांडीवर घेतली.

शैलेंद्रने भाषण यूट्यूबवर टाकलं. खाली इंग्रजीत पंपिंग स्टेशनचं नाव आणि वर्षं लिहिली. बारा दिवसांनी मिशिगनमधून ईमेल आली. नवऱ्याच्या सगळ्या ईमेल हल्ली सुनेत्राबाईच वाचून दाखवत आणि तो सांगेल ते उत्तर टाइप करत. नाश्ता झाला होता. ते सोफ्यावर पाय वर घेऊन बसले होते. ओट्याशेजारच्या डायनिंग टेबलावरच्या लॅपटॉपवरून त्या वाचू लागल्या.

बाईचं नाव हना. तिचे वडील यासीन त्याच स्टेशनवर इंजिनियर होते. नोव्हेंबर १९८६ मध्ये त्यांना कामावरून उचलून नेलं, ती तेव्हा चार वर्षांची होती. ना प्रेत मिळालं ना कागद. इराणचा हेर होता, असं गावात पसरलं. आईचे सख्खे भाऊसुद्धा तिच्याशी बोलायचे थांबले. आई आता ऐंशीची आहे. रोज विचारते, माझ्या नवऱ्याने काय केलं होतं? तुम्हाला काही माहीत असेल तर कृपा करून सांगा. वाईट असलं तरी सांगा.

वाचून झालं.

"लिही," केळशीकर म्हणाले आणि इंग्रजीतून सांगू लागले. तुझे वडील उत्तम सहकारी होते. त्यांच्याबद्दल आदर आहे. दुर्दैवाने त्या प्रकाराची मला काहीही माहिती नाही. "काय झालं? टाइपिंग ऐकू येत नाहीये."

"माहिती नाही?"

"मला काय माहिती असणार?"

सुनेत्राबाई लॅपटॉपपासून खुर्ची मागे सरकवून बसल्या.

त्या वर्षीच्या दिवाळीत यासीन त्यांच्या क्वार्टरमध्ये फराळाला आला होता. चकली त्याला फार आवडायची. तेव्हा टीव्हीवर रोज दाखवायचे, सद्दाम अचानक कुणाच्या तरी घरात शिरतो, फ्रिज उघडतो, सगळं आहे ना बघतो. यासीन चकली खात उठला, छाती काढून चालत गेला आणि सुनेत्राबाईंचाच फ्रिज उघडला. गंभीर चेहऱ्याने अंडी मोजली. मग सद्दामच्या त्या जाड, संथ आवाजात विचारलं, "तुम्ही सहा होतात. सहावं कुठे आहे?" आणि लगेच थरथरणाऱ्या गृहिणीच्या आवाजात, "साहेब, ते आघाडीवर गेलं." उरलेल्या पाचांना त्याने सलाम ठोकला आणि दार हळूच लावलं. सुनेत्राबाई इतक्या हसल्या होत्या की हातातली करंजी फुटली.

केळशीकरांनाही नकला यायच्या. कॉलेजपासून गॅदरिंगमध्ये टाळ्या घ्यायची सवय. ही नक्कल त्यांनी दोन दिवसांत उचलली. आणि आठवड्याने स्टेशनचा सुरक्षा अधिकारी चहाला आला, तेव्हा त्याच्यासमोर करून दाखवली. सगळ्यात जास्त तोच हसला. डोळे पुसत म्हणाला, वा, ही तुमचीच का?

"छे," केळशीकर म्हणाले, "माझी कुठली? ही यासीनची."

राष्ट्राध्यक्षाची चेष्टा करणाऱ्याला मृत्युदंड, असा कायदा त्याच महिन्यात आला होता. रेडिओवरून सांगितला होता. पंधरा दिवसांत यासीन गेला. जानेवारीत केळशीकरांचं कॉन्ट्रॅक्ट दोन वर्षांनी वाढलं आणि बागवाला बंगला मिळाला.

"श्रेय ज्याचं त्याला द्यावं, एवढंच केलं मी," आता सोफ्यावरून ते म्हणाले. "आपल्याकडे पद्धत आहे ती. दुसऱ्याची नक्कल केली की नाव सांगतात. त्या माणसाच्या डोक्यात काय चाललंय हे मला काय ठाऊक?"

"दोन हजार चारच्या गणपतीत इथे केलीत हीच नक्कल. हायस्कूलच्या स्टेजवर. सद्दामला पकडल्यावर."

"मग?"

"तेव्हा नाही घेतलंत यासीनचं नाव. मंडळातल्या प्रसादने विचारलं, काका, कुठून सुचतं हो तुम्हाला? तर नुसते हसलात. जिथे नाव घेऊन जीव जाणार होता तिथे मात्र अगदी आवर्जून घेतलंत."

"तूही नाही बोललीस तेव्हा."

"नाही बोलले."

"बंगल्यात राहिलीस. कोथिंबीर लावलीस."

"लावली. तेही लिहिते."

"सुनेत्रा, अगं डोकं चालव. इमिग्रेशनचे दिवस कसले चाललेत. लोक पंचवीस वर्षांपूर्वीचे कागद उकरतायत. पोरांना, यतीनला, निधीला त्रास होईल."

"यतीन सिटिझन आहे. तुम्ही सिटिझन आहात. नक्कल केली म्हणून इथे अजून कुणी नेत नाही."

"अजून," ते म्हणाले. एवढ्या दिवसांत त्यांच्या तोंडून बाहेर पडलेला हा पहिला शहाणा शब्द होता. पण तो त्यांनी स्वतःला वाचवायला वापरला, म्हणून सुनेत्राबाईंनी तो मनावर घेतला नाही.

त्यांनी खुर्ची पुढे ओढली. पाऊण तास लागला. इंग्रजी साधंच होतं. तुझे वडील हेर नव्हते. त्यांनी माझ्या स्वयंपाकघरात एक विनोद केला. माझ्या नवऱ्याने तो अधिकाऱ्याला सांगितला आणि तुझ्या वडिलांचं नाव सांगितलं. मला हे त्याच आठवड्यात कळलं होतं. तुझ्या आईकडे मी एकदाही गेले नाही. त्यानंतर आम्हाला मोठं घर मिळालं आणि मी त्यात राहिले.

सगळं त्यांनी मोठ्याने वाचून दाखवलं. रोजचीच पद्धत होती.

"माझी सही घालू नकोस," केळशीकर म्हणाले.

"माझ्याच नावाने आहे," असं म्हणून त्यांनी ईमेल पाठवली.

रविवारी दुपारी हनाचा फोन आला. सुनेत्राबाईंनी तो स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला. हना रडली नाही, ओरडली नाही. आई शेजारी बसली आहे म्हणाली. मी तिला सगळं वाचून दाखवलं. मामाला काल फोन केला, त्यालाही वाचून दाखवलं. त्याने शेवटपर्यंत फोन ठेवला नाही. मग म्हणाली, "आई विचारते, तो विनोद काय होता?"

सुनेत्राबाईंनी सांगितलं. फ्रिज, अंडी, आघाडी. हनाने अरबीत सांगितलं. पलीकडून म्हातारा, घोगरा आवाज बराच वेळ काहीतरी बोलला.

"आई म्हणते, शब्द कळले. तिला आवाज हवा आहे. ते घरात सारखे नकला करायचे. ती रागवायची, मुलं ऐकतील म्हणून. ही तिने ऐकलीच नाही."

सुनेत्राबाईंनी सोफ्याकडे पाहिलं. "अहो."

"मी नाही."

"उठा."

"चाळीस वर्षं झाली त्याला."

"तुम्हाला येते. मला येत नाही. उठा म्हणते ना."

ते सोफ्याची कड, मग भिंत, मग खुर्चीची पाठ चाचपत टेबलापाशी आले. घसा खाकरला. पाठ ताठ केली. आणि त्या रविवारच्या दुपारी, खिडकीबाहेर शेजाऱ्याचा लॉन-मोअर चालू असताना, सुनेत्राबाईंच्या स्वयंपाकघरात तो जाड, संथ आवाज पुन्हा आला. अरबी शब्द जसेच्या तसे. तुम्ही सहा होतात. मध्ये थांबणंही यासीनचंच, जितकं हवं तितकंच. मग ती थरथरणारी बाई.

 पलीकडे खोकल्यासारखं काहीतरी झालं. म्हातारी हसत होती. आधी बारीक, मग श्वास लागेपर्यंत, आणि मध्येच तेच हसणं रडणं झालं. हना तिला काहीतरी समजावत होती.

केळशीकरांना फक्त हसणं ऐकू आलं असावं. त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी टेबलावर हात टेकून फोनच्या दिशेने मान वाकवली.

"आणखी एक आहे," ते इंग्रजीत म्हणाले. "सद्दाम कुवेतच्या शेखाशी फोनवर बोलतो, ती. ऐका हं." आणि त्यांनी आवाज पुन्हा जाड केला.

सुनेत्राबाईंनी फोन उचलला, घरामागच्या लाकडी डेकवर गेल्या आणि काचेचं दार मागे ओढून घेतलं. आतमध्ये ते रिकाम्या टेबलासमोर हात हलवत बोलतच होते.

"हना," त्या म्हणाल्या, "आईंना सांग, पहिली तेवढी यासीनची. ही दुसरी ह्यांची आहे."