अण्णांची फियाट, माझी अँबेसिडर

गेल्या महिन्यात श्रीधरअण्णांच्या मुलीचा, मेधाचा, सकाळीच फोन आला. "काका, अप्पा गेले... झोपेतच." माझ्या मनात पहिल्यांदा जे आलं ते लिहायला लाज वाटते. वाटलं, आता आमच्या गल्लीत जुनी गाडी बाळगणारा मी एकटाच.

आम्ही दोघं बेळगावकडचे, बंगळूरच्या जयनगरात शेजारी. त्यांची फियाट १०८९ सीसीची, माझी अँबेसिडर १४८९. हे आकडे मी त्यांना किती वेळा ऐकवले असतील! "अण्णा, चारशे सीसी जास्त. शिवाय मागे तिघं ऐसपैस बसतात." ते बॉनेट पुसता पुसता अर्ध्या कानडीत म्हणायचे, "सरी, सरी, बरोबर. पण स्वल्प, जरा वजनही सांग की." वजनात माझी गाडी मार खायची. त्यांची फियाट हलकी, बाजारातल्या बोळातून सुळकन निघायची. माझी वळवताना खांदे भरून यायचे. आणि तरीही खड्ड्यांवर माझीच गाडी अधिक आरामाची, हे कुणीही मान्य करील. माझी बायको सोडून. तिला मळमळायचं ते फक्त आमच्या गाडीत.

मुलगा शाळेत होता तेव्हाची गोष्ट. दोन्ही घरं नंदी हिल्सला निघालो होतो. पायथ्याशी अण्णा म्हणाले, "आज गाड्या बदलू या. तुलाही कळेल, मलाही." मी लगेच चावी दिली. माझं इंजिन घाटात काय करतं ते त्यांना एकदा दिसायलाच हवं होतं. माझी बायको आणि मुलगा अँबेसिडरमधून उतरलेच नाहीत. छोटी मेधाही तिकडेच पळाली. फियाटमध्ये माझ्याबरोबर एकट्या सुमनअक्का, अण्णांच्या पत्नी.

एका अवघड वळणावर मी दुसरा गिअर टाकायला उशीर केला. गाडी आचके देत बंद पडली आणि मागे सरकू लागली. मागून बसचा हॉर्न. "निधान, भाऊजी, सावकाश," अक्का हळूच म्हणाल्या. मी कसाबसा हँडब्रेक ओढला.

वर पोचलो तर सगळे शेंगा खात बसलेले. उशीर का झाला हे अण्णांनी विचारलंही नाही. "गाडी भारी आहे रे तुझी. चढाला दम लागत नाही तिला," एवढंच म्हणाले. आणि माझा मुलगा म्हणाला, "बाबा, आपली गाडी इतकी छान चालते?"

त्या दिवशी कळलं, मी फियाटवर कधीच जळत नव्हतो. मी त्या माणसाच्या हातांवर जळत होतो. पुढे कित्येक महिने मी त्यांच्याकडे गेलो नाही. ते मात्र येत राहिले. माझा कार्बोरेटर साफ करून जात राहिले...

तेराव्यानंतर मेधानं चावी दिली. "काका, बॅटरी उतरेल. एकदा सुरू करून बघता?" फियाट लगेच सुरू झाली. तो आवाज ऐकून अक्का आतून लगबगीनं आल्या, हातात ताकाचा पेला. अण्णा बाहेर निघाले की त्या तो फाटकाशी घेऊन यायच्या, म्हणे. स्टिअरिंगमागे मला बघून त्या पायरीवरच थांबल्या. चेहऱ्यावर जे उमटलं होतं ते हळूहळू मावळलं.

मग पुढे येऊन त्यांनी पेला खिडकीतून आत दिला. "घ्या, भाऊजी."

मी ताक प्यायलो. माझ्या गाडीचा आवाज ऐकून असं धावत कुणी कधी आलं नाही. गेलेल्या माणसाचा हेवा करू नये, एवढं मला कळतं. पण करत होतो.